जड पार्ट बाहेरगावी पाठवायचे असतील तर शिरोलीतले हे पॅकिंगवाले बघाच

लेथचे पार्ट, पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्स असलं जड बिडाचं काम जे कुणी ट्रान्सपोर्टनं पाठवतात त्यांच्यासाठी लिहितोय, लांब झालंय पण कामाचं आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ह्या लाकडी पॅकिंगवाल्यांकडनं मी लेथचा रिकंडिशन केलेला हेडस्टॉक (जॉब फिरवणारी डावीकडची पेटी), फोर जॉ चक (जॉब धरणारी चार जबड्यांची पकड), टेलस्टॉक (जॉबला दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) आणि लीडस्क्रू (आटे असलेला लांब दांडा) असा सगळा माल कोइमतूरला पाठवला, आणि नंतर गिअर आणि शाफ्टची एक पेटी जहाजानं जर्मनीला. दोन्हीकडनं उघडतानाचे फोटो आले, जसं बांधलं तसंच पोचलंय, कुठं कपचा उडालेला नाही, गंजाचा ठिपका नाही.

गेल्या गेल्या हे लोक मापाची टेप काढत नाहीत. आधी विचारतात वजन किती, कुठं जाणार, थेट गाडी आहे का मधे गोडाऊनला उतरणार. हा प्रश्नच लाखमोलाचा आहे कारण पार्ट लोडचा, म्हणजे पूर्ण गाडी न भरणारा माल सहसा एकाच गाडीत जात नाही, इथनं निघतो, मधल्या गोडाऊनला उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, आणि प्रत्येक ठिकाणी क्रेन असतेच असं नाही, हमाल पहार लावून पेटी कलती करतात आणि फळीवरनं सरकवतात. त्यांची चूक नाही त्यात, तीनशे किलोची पेटी हातानं दुसरी कशी उतरवणार. आणि बिल्टीवर तर ओनर्स रिस्क छापलेलंच असतं, म्हणजे मोडलं तर तुमचं. त्यामुळं पेटी अंगठ्याएवढ्या उंचीवरनं का होईना पण आपटणारच हे धरूनच बांधायला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. बरेच पॅकिंगवाले पार्टभोवती बबल रॅप गुंडाळतात, वर थर्माकोल कोंबतात, पेटीला खिळे मारतात आणि झालं म्हणतात. काचेच्या वस्तूला ते ठीक आहे हो, दोनशे-तीनशे किलोच्या कास्टिंगखाली बबल पहिल्याच खड्ड्यात फुटतात आणि थर्माकोलचा भुगा होतो, मग तेवढी जागा मोकळी होते आणि पार्टला आत धावायला वाव मिळतो. ब्रेक लागला की तो पुढच्या फळीवर जाऊन आदळतो, गाडी सुटली की मागच्या. बीड दाबाला दणकट पण धक्क्याला ठिसूळ, वाकत नाही, सरळ कपचा उडतो, आणि उडतो तो नेमका कान, फ्लँज (बोल्टची कड) नाहीतर लिव्हरच्या बॉसवरनं (लिव्हर बसतो त्या उंचवट्यावरनं), जिथं वेल्डिंग करून परत पहिल्यासारखं होत नाही.

ह्यांच्याकडचे जे वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे मामाच म्हणतात त्यांना, त्यांचं एकच वाक्य: "साहेब, पेटी मोडली तरी चालंल, पार्ट हलला नाही पायजे." आणि तसंच करतात. हेडस्टॉक जसा लेथच्या बेडवर बसतो तसाच त्यांनी पेटीच्या तळावर बसवला. खालच्या व्ही खाचेच्या आणि सपाट भागाच्या मापानं ठोकळे तासले, स्क्रेप केलेल्या (हातानं खरवडून अचूक सपाट केलेल्या) पृष्ठभागाला लाकूड थेट लागू नये म्हणून मधे व्हीसीआय पेपर (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) आणि प्लायची पट्टी, आणि हेडस्टॉकच्या स्वतःच्या भोकांतनं बोल्ट आरपार तळाच्या वाशातनं काढून खाली जाड पत्र्याची प्लेट वॉशर. म्हणजे पार्ट आणि तळ एकच झाला. बाजूच्या फळ्या आणि झाकण हे फक्त वरनं घातलेलं कव्हर, त्यांच्यावर वजन येतच नाही. मी स्वतः पहार लावून बघितलं, केसभर हलला नाही.

चकची पद्धतपण मला फार आवडली. जॉ आत पूर्ण आवळून घेतले म्हणजे काही बाहेर डोकावत नाही, आणि मागच्या माउंटिंगच्या भोकांतनंच चक जाड प्लायला बोल्ट केला. चकची चावी, नट, लिव्हरच्या मुठी असलं किरकोळ सामान वेगळ्या कप्प्यात, तेसुद्धा बांधून. मोठ्या पार्टशेजारी लहान लोखंड मोकळं ठेवलं की प्रवासभर तोच हातोडा होतो. लीडस्क्रूला आट्यांवर प्लॅस्टिकची जाळी, लांबट पेटीत ठिकठिकाणी अर्धगोल कापलेले ठोकळे खाली आणि तसेच वर, त्यामुळं मधे झोळ पडायला जागाच नाही. टेलस्टॉकबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही, हेडस्टॉकसारखाच.

एका गोष्टीनं मात्र मी खरंच चाट पडलो. हेडस्टॉकमधे स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य शाफ्ट) बेअरिंगसकट बसवलेला होता. मामांनी विचारलं हा असाच मोकळा जाणार का. कारण असं की गाडी रात्रभर हादरत असते पण स्पिंडल फिरत नाही, रोलर एकाच जागी बारीक बारीक घासत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि रेसवर (रोलर ज्या कड्यावर फिरतात तिच्यावर) रोलरच्या अंतरानं खुणा पडतात. फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात त्याला. बाहेरनं पार्ट नवा दिसतो, गिऱ्हाईक मशिन चालू करतो तेव्हा बेअरिंग आवाज करायला लागतं आणि शिव्या आपल्याला. गिअर अडकवून ठेवला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्यानं नुसतं फिरणं थांबतं, थरथर थांबत नाही. ह्यांनी स्पिंडलच्या नोजखाली (चक बसतो त्या टोकाखाली) व्ही ठोकळा देऊन वजन बेअरिंगवरनं थोडं उचलून घेतलं, वरनं पट्ट्यानं आवळलं आणि मागच्या टोकाला पाचर मारली. पॅकिंगच्या दुकानात हे कुणी सांगेल असं मला वाटलं नव्हतं.

गंजाचं बोलायचं तर इथं लोक फार घाई करतात. व्हीसीआय पिशवी म्हणजे जादू नव्हे, त्यातनं जी वाफ निघते ती धातूवर बसते तेव्हा ती काम करते, म्हणून पिशवी सगळीकडनं बंद पाहिजे, एका कोपऱ्यात बोल्टसाठी भोक पाडून तसंच सोडलं तर पैसे पाण्यात. ह्यांनी बोल्टच्या भोकांभोवती पॅच लावून टेप मारला. शिवाय तयार पृष्ठभागाला उघड्या हातानं शिवायचं नाही, घामातल्या मिठानं बोटांचे ठसे गंजून उमटतात, ह्यांच्याकडं पोरं हातमोजे घालूनच पुसतात आणि रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल लावतात. लाकूडपण वाळलेलं वापरतात, ओलाव्याचं मीटर लावून वीस टक्क्यांच्या आत आहे का ते माझ्यासमोर बघितलं. पावसाळ्यात हिरव्या लाकडाची पेटी केली तर लाकूडच आत ओल सोडतं, आणि पुढं वाळून आकसलं की खिळे सैल, मग सगळी बांधणीच ढिली.

जर्मनीच्या पेटीला ही काळजी दुप्पट. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतलं पाणी छतावर जमून थेंब थेंब पडतं. त्यामुळं आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि झाकणावरनं प्लॅस्टिकचं आवरण. आणि लाकडाला आयएसपीएम 15 चा (लाकडातनं कीड जाऊ नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतोच, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशावर निदान 30 मिनिटं तापवलेलं पाहिजे, मग त्यावर गव्हाच्या लोंबीची खूण, आयएन (भारताचा कोड), ट्रीटमेंट करणाऱ्याचा नंबर आणि एचटी (म्हणजे हीट ट्रीटमेंट) असं उमटवतात. नीट बघा, बाहेरच्या फळ्याच नाहीत तर आतले ठोकळे, पाचरीपण ट्रीट केलेल्या लाकडाच्याच लागतात. एकाच साध्या तुकड्यापायी पेटी तिकडच्या बंदरात अडकू शकते. प्लायला ही अट नाही कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबातनं जातं, म्हणून ह्यांनी बाजू आणि झाकण प्लायचं केलं आणि फक्त तळाचे वाशे आणि ठोकळे शिक्क्याचे. खर्च वाचला, वजनही कमी झालं.

झाकणाला खिळे न मारता स्क्रू दिले हे पण बरं केलं, कस्टमवाल्यांनी उघडली तर तीच पेटी परत नीट बंद करता येते, खिळ्याची फळी एकदा पहारीनं उचकटली की चिरते. खाली चार इंची पाय आहेत त्यामुळं फोर्कलिफ्ट आणि हँड पॅलेट ट्रक दोन्ही आत जातात, म्हणजे पहार लावायची वेळच कमी येते. हेडस्टॉकचा तोल मधे नसतो, म्हणून चेन कप्पीनं उचलून तोल कुठं येतो ते बघितलं आणि तिथं बाहेरनं खूण केली. दोर कुठं घालायचा तेही रंगवलं.

आता जे खटकलं ते. रेट साध्या खोकेवाल्यापेक्षा चांगलाच जास्त आहे, आणि त्याहून मला बिलाचं वाईट वाटलं, सगळं एका ओळीत पॅकिंग चार्जेस म्हणून येतं. लाकूड किती, व्हीसीआय किती, मजुरी किती ते फोडून दिलं तर आपल्याला पुढच्या ऑर्डरला कोटेशन देताना सोपं जातं. दुसरं म्हणजे पट्ट्या. विचारलं नाही तर हे सवयीनं लोखंडी पट्टी मारतात. पावसात ती गंजून पेटीवर डाग पाडते आणि लाकूड थोडं दबलं की ढिली पडते. पीईटी प्लॅस्टिकची पट्टी ताणलेली राहते, लाकूड दबलं तरी आवळून धरते, ती मागून घ्या आणि कोपऱ्याला अँगल बोर्डपण (पट्टीखाली लावायची काटकोनी पुठ्ठ्याची पट्टी). मार्च एंडला तर ह्यांच्याकडं जाऊच नका, तारीख देतात आणि पाळता येत नाही, फोनही उचलत नाहीत. आणि पेटीवरचा पत्ता मार्करनं लिहिला होता, पावसात पुसट झाला असता, मी स्टेन्सिल मागून रंगानं लिहून घेतला.

पण पॅकिंग चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो न मागता व्हॉट्सअपवर आले, बोल्ट आवळताना, पिशवी बंद करताना, झाकण लावताना. ट्रान्झिट इन्शुरन्स घेतला असेल तर क्लेमच्या वेळी हेच फोटो कामाला येतात, नाहीतर सर्व्हेयर पहिलं वाक्य पॅकिंग बरोबर नव्हतं हेच बोलतो.

कामाला 5 पैकी 5, बिल आणि वेळेला 3. जाताना पार्टचं खरं वजन काट्यावर करून घेऊन जा, अंदाजे सांगू नका, बोल्ट आणि वाशाची जाडी ते त्यावरनंच ठरवतात. माउंटिंगच्या भोकांचं माप किंवा ड्रॉइंग असेल तर तेही न्या, म्हणजे तळ आधी तयार होतो आणि पार्ट त्यांच्याकडं पडून राहत नाही.