चाकूंसाठी जुलाबाचं औषध: लिक्विड पॅराफिन, दोन पावसाळे वापरून

"मामा, किती दिवस झालं?" मेडिकलमधल्या पोरानं आवाज बारीक करून विचारलं.

"दोन महिनं," मी म्हटलं. मला म्हणायचं होतं, गंज चढायला लागून. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दोन महिने पोट साफ न झालेला माणूस काउंटरपाशी उभा राहून शांतपणे सुट्टे मोजतोय, हे काही त्याला झेपेना. त्यानं काळजीनं दुधासारख्या पांढऱ्या औषधाची सगळ्यात मोठी बाटली काढून दिली. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर आत पॅराफिनबरोबर मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि पाणी. ज्याच्यापासून पाती वाचवायची तेच बाटलीत! दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणली. तेव्हा कुणाला आणायचं असेल तर दुधाळ सिरप घेऊ नका. पाण्यासारखं पारदर्शक, वास नसलेलं, बाटलीवर नुसतं 'लिक्विड पॅराफिन आयपी' लिहिलेलं मागा. १०० मिलीची बाटली मला शंभराच्या आत पडली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३४ वर्षं लेथवर काढली, त्यामुळं तेलाशी संबंध जुना. पण कारखान्यात तेल बादलीनं असतं आणि जॉब दुसऱ्या दिवशी गाडीत भरून जातो. घरात ३१ सुऱ्या-चाकू वर्षानुवर्षं जपायचे म्हणजे वेगळं काम. त्यातून घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जून ते सप्टेंबर भिंत घाम फुटल्यासारखी ओली. कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते तिथं पोलादाचं काय घेऊन बसलात.

संग्रह म्हणजे फार काही राजेशाही नाही. आजोबांचा पितळी मुठीचा अडकित्ता, ज्यापासून सगळं सुरू झालं. वडगावच्या बाजारात मोडीत सापडलेली मटणाची सुरी, धार लावून लावून निम्मी उरलेली. चप्पल करणाऱ्या दोस्ताच्या वडलांची कातडं कापायची रापी. गाडीच्या कमानपाट्यातून लोहारानं ओढलेली बसकी कोयती. दोन खटक्याचे चाकू. आणि मला सगळ्यात जवळचे सहा, जे आम्ही पोरांनी जेवणाच्या सुट्टीत पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या मशीन-करवतीच्या, झिजलेल्या ब्लेडमधून ग्राइंडरवर काढले. (घरकाम-शेतीकामाबाहेरचं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार आलं की शस्त्र कायदा आणि परवान्याची भानगड मागं लागू शकते. तसलं मी घेतही नाही.)

आधी काय काय वापरून हात पोळले तेही सांगतो, कारण त्याशिवाय या बाटलीचं कौतुक कळायचं नाही.

पहिलं खोबरेल. घरात असतंच, वासही बरा. पण साधारण २४ अंशांखाली ते गोठतं. मार्गशीर्षात सकाळी कपाट उघडलं तर पात्यांवर पांढरे ओघळ, मेणबत्ती सांडल्यासारखे. वर काही महिन्यांनी खवट वास. अडकित्ता त्या वासाचा, सुपारीही त्या वासाची.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून करडईचं तेल. ही सगळ्यात मोठी चूक. करडई, जवस ही सुकणारी तेलं. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि घट्ट होत जातात. करडईचं तेल आटवून रोगण करतात ते याच गुणामुळं. माझ्या खटक्याच्या चाकूंच्या सांध्यात त्याचा असा डिंक झाला की खटका दाबून दाबून अंगठा दुखला, पातं बाहेर येईना. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवले तेव्हा सुटले.

शिलाई मशीनचं तेल चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. तेही खनिज तेलच, पॅराफिनचं भावकीतलं. पण ज्या सुरीनं घरात कांदा चिरायचा तिला ते लावणं बरं वाटत नाही. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या नावातच त्याचं काम आहे: डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायचं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. भिजलेल्या चाकूच्या खाचेतलं पाणी हुसकायला मारा, हरकत नाही. पण उडून गेल्यावर मागं राहतो तो थर अगदी पातळ. आमच्या जुलैला तो पुरा पडत नाही.

पॅराफिनचं वेगळेपण हे की त्याला काहीच होत नाही. सुकत नाही, चिकटत नाही, खवट होत नाही, आमच्याकडच्या थंडीत गोठत नाही. माणसाच्या पोटातून जायला केलेलं असल्यामुळं वापरातल्या सुरीलाही चालतं. लावायची पद्धत मात्र नीट पाहिजे, कारण लोक तेल ओततात. जास्त तेल म्हणजे जास्त राखण असा समज. ते ओघळून धारेशी जमतं, त्यावर धूळ बसते, धूळ ओल धरते. मी जुन्या धोतराचा तळहाताएवढा तुकडा घेतो, त्यावर चार थेंब टाकतो आणि पाठीकडून धारेकडं पुसत जातो, धारेवरून आडवं कधीच नाही. मग कोरड्या तुकड्यानं निम्मं पुसून काढतो. पात्यावर श्वास सोडल्यासारखी झाक राहिली की बास. ३१ नगांना मिळून दोन चमचेसुद्धा लागत नाहीत. पुसल्यानंतर पात्याला बोट लावायचं नाही. घामातलं मीठ सगळ्यात वाईट. माझ्या एका मेव्हण्यानं 'वा, काय धार!' म्हणून अंगठा फिरवला होता, त्याच्या अंगठ्याचा ठसा पंधरा दिवसांनी तांबूस होऊन उमटला. पुढंमागं पोलिसांना लागला तर माझ्याकडं आहे.

तेलाआधी सफाई. इथं घाई करणारा माणूस वाटोळं करतो. जुन्या पोलादावर काळपट-निळसर छटा येते तो गंज नव्हे, ती असू द्या, तांबड्या गंजाला तीच थोडीफार आडवी येते. राखेनं, विटकरीच्या भुकटीनं घासून पातं आरशासारखं करायचा मोह आवरा. मटणाच्या सुरीची साठ वर्षांची कळा मी एका दुपारी चिंचेनं घालवली, अजून जीव हळहळतो. चिंच-लिंबू गंज खातात हे खरं, पण थांबायचं कुठं हे त्यांना कळत नाही. पितळेची मूठ चकचकीत करायच्या पावडरीतही आंबटपणा असतो. ती सांध्यातून पात्याकडं उतरली की तिथून सुरुवात झालीच म्हणून समजा.

तांबड्या ठिपक्यावर माझा उपाय असा. वायंडिंगवाल्याकडून जाड तांब्याची तार आणायची, तिचं टोक हातोडीनं ठोकून चपटं करायचं. ठिपक्यावर पॅराफिनचा थेंब सोडायचा, तासभर मुरू द्यायचा आणि त्या टोकानं हळूहळू खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळं गंज निघतो, चरा पडत नाही. वेळ लागतो. आकाशवाणी लावून बसतो.

हॅक्सॉच्या सहा चाकवांना (चाकूंना आम्ही असंच म्हणतो) हे लाड फारसे लागत नाहीत. ती ब्लेडं हायस्पीड स्टीलची, त्यात चारेक टक्के क्रोमियम असतं, म्हणून दमानं गंजतात. गंजतात मात्र. स्टेनलेस म्हणवायला किमान साडेदहा टक्के लागतं, आणि तेसुद्धा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर ठिपके दाखवतंच.

आता या औषधाच्या उणिवा. टिकत नाही हो. पातळ आहे, उभ्या ठेवलेल्या पात्यावरून महिन्याभरात खाली सरकतं. पावसाळ्यात दर तिसऱ्या रविवारी हात फिरवावा लागतो, दिवाळीनंतर दोन महिन्यांतून एकदा. वर्षभर कपाट उघडायचंच नसेल त्यांनी हे घेऊ नये, मेणाचा थर द्यावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स म्हणून एक येतं, ते उत्तम, पण डबी महाग आणि बाहेरून मागवावी लागते. दुसरं, लाकडी मुठीला पॅराफिन निरुपयोगी. आत मुरतं, वर काहीच धरत नाही. तिथं जवसाचंच तेल पाहिजे, सुकणारं. ज्या गुणापायी ते पात्यावर नको त्याच गुणापायी मुठीवर हवं. फक्त जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना तापतात आणि पेटूही शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

आणि तिसरं, तेल कितीही चांगलं असलं तरी चाकू ठेवलाय कशात ते बघा. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आम्ही राजारामपुरीत मेहुणीकडं आठ दिवस होतो. चाकवांची ट्रंक माळ्यावर टाकून गेलो होतो, पाणी तिथवर आलंच नाही. येऊन बघतो तर उघड्या फडक्यातले नग जरा तांबूस झालेले आणि चामड्याच्या म्यानातले, ज्यांना मी सगळ्यात सुरक्षित समजत होतो, ते काळेठिक्कर. रापीवाला दोस्त हसला. म्हणाला, "आरं, कातडं बाभळीच्या सालीनं आन् हिरड्यानं कमावलेलं. लोखंडाला लागलं की शाईच की ती!" खरंच, पूर्वी हिरडा आणि लोखंडाची शाईच करत. वर कातडं ओल धरून ठेवतं ते वेगळं. तेव्हापासून म्यानं एका पिशवीत, पाती दुसरीकडं.

पाती सध्या व्हीसीआय पेपरात असतात. गोकुळ शिरगावला मशिनिंग केलेले जॉब परदेशी पाठवताना गुंडाळतात तो पिवळसर कागद. त्यातून निघणारी वाफ धातूवर बसते आणि गंजाला अटकाव करते. पॅकिंगमधल्या एका जुन्या सहकाऱ्यानं कातरणं दिली. एवढंच की डबा झाकणाचा पाहिजे, उघड्यावर वाफ उडून जाते. वर्तमानपत्र वापरू नका. आम्लही असतं आणि ओलही पितं. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, त्या रंग बदलल्या की तव्यावर मंद आचेवर शेकतो. तवा जुना, वेगळा. हे वाक्य आमच्या घरात खास सांगावं लागतं.

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात हल्ली गेलो की लोक काचेमागची नक्षी बघतात आणि मी मूठ-पात्याच्या सांध्याकडं वाकून बघत बसतो. नातू लांब जाऊन उभा राहतो.

खंडेनवमीचं एक राहिलं. दरवर्षी आई सगळी हत्यारं पाटावर मांडून हळद-कुंकू लावते, वर झेंडू. ओल्या बोटानं लावलेलं कुंकू रात्रभर राहिलं की दसऱ्याला त्याखाली तांबडा डाग, झेंडवाच्या देठाखाली दुसरा. आईला लावू नको म्हणायची माझी छाती नाही. गेल्या वर्षी पाट मांडायच्या आधी सगळ्यांना पॅराफिन जरा सढळ लावलं. तिचं बोट पात्यावरून घसरलं. दुसऱ्यांदा टेकवलं, पुन्हा घसरलं. तिनं माझ्याकडं बघितलं, बोट पदराला पुसलं आणि ३१ च्या ३१ मुठींना कुंकू लावलं.

"काय लावलंयस रं ह्याला?"

मी सांगितलं. आठवड्यानं बाटली अर्धी झालेली दिसली. चाकवांचं तेल मी काढलं नव्हतं.