नायट्रस की टर्बो, असे विचारून घातलेला गंडा

इंजिनाची ताकद वाढवून देतो असे सांगून म्हापशाजवळच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ८५ हजार रुपये घेतले आणि नायट्रस ऑक्साइडच्या नावाखाली आग विझवण्याच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड गाडीत बसवून दिला. त्याचे बोलणे ऐकणाऱ्याला बेसावध करणारे आहे, कारण तो जे सांगतो त्यातले बरेचसे खरे असते; म्हणून हा प्रकार तपशीलवार मांडत आहे.

माझी गाडी १२०० सीसीची, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक. डिचोलीहून बेळगावला जाताना चार माणसे बसलेली असली आणि एसी चालू असला की चोर्ला घाटात ती दमते, एवढीच माझी तक्रार होती. त्यावर त्याने गाडीचे बॉनेटसुद्धा उघडले नाही. ‘‘पात्रांव, नायट्रस घालूया की टर्बो?’’ असा थेट प्रश्न करून सुट्या भागाच्या खोक्याच्या झाकणावर पेनाने दोन रकाने आखले आणि तो समजावून सांगू लागला.

सांगितले ते असे. इंजिनाची ताकद शेवटी ते किती ऑक्सिजन जाळू शकते यावर ठरते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरातल्या उष्णतेने नायट्रसचे विघटन झाले की तो मोकळा होतो. शिवाय टाकीतला द्रव उणे ८८ अंशांना उकळत असल्याने आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. टर्बोचा मार्ग वेगळा. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले हेही त्याने सांगितले, आणि तेही खरेच आहे. टर्बोला तेलाची स्वतंत्र नळी, दाबून तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, इंजिनाच्या संगणकातले नवे मॅपिंग म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीची नवी जुळणी, आणि बऱ्याचदा कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन लागतात, म्हणून खर्च दोन-तीन लाखांच्या घरात जातो. नायट्रस मात्र ‘‘८५ हजारांत, एका दिवसात’’.

त्याने गाळले ते असे. नायट्रस फक्त पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना आणि थोड्या सेकंदांसाठी वापरायचा असतो; टाकी काही मिनिटांच्या एकूण वापरात रिकामी होते, त्यामुळे लांबलचक घाट चढण्यासाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. घाटाच्या तक्रारीवर नायट्रस सुचवणारा मनुष्य एक तर अडाणी असतो किंवा लबाड, आणि हा अडाणी नव्हता. जादा ऑक्सिजनच्या प्रमाणात जादा पेट्रोल गेले नाही तर मिश्रण पातळ होऊन पिस्टनचा माथा वितळतो, हेही त्याने बोलण्यात येऊ दिले नाही. दोनच पर्याय समोर ठेवून त्यांची तुलना करीत राहिल्यामुळे मूळ इंजिनाला यातले काही सोसेल का, हा प्रश्न त्या झाकणावर कुठेच आला नाही.

निम्मे पैसे रोख आणि निम्मे यूपीआयने दिले; ज्या खात्यात ते गेले ते गॅरेजच्या नावाचे नव्हते आणि पावती ‘‘जीएसटी लागेल’’ म्हणून दिली नाही. टाकी निळी होती, कारण आपल्याकडे वैद्यकीय नायट्रसचे सिलिंडर निळे असतात. रंग इतका ताजा होता की व्हॉल्व्हच्या आट्यांतही शिरला होता. सिलिंडरच्या गळ्यावर अनुक्रमांक, चाचणीचा दाब आणि चाचणीचा महिना-वर्ष कोरलेले असावे लागते. तिथे कानस फिरवल्याच्या चकचकीत रेघा होत्या आणि त्यांवर रंगाचा दुसरा हात. भरलेल्या वायूचे वजन त्याने माझ्यासमोर काट्यावर करून दाखवले. मग व्हॉल्व्ह किंचित उघडून पांढरा फवारा सोडला आणि पोरे टाळ्या वाजवतात तसे त्याच्या हाताखालचे दोघे हसले. फवारा संपल्यावर तोंडाशी बारीक पांढरे कण साचले होते आणि ते वितळून पाणी न होता तसेच हवेत विरून गेले. नायट्रसचा द्रव मोकळ्या हवेत आला की नुसता उकळतो. असा बर्फ कार्बन डायऑक्साइडचा होतो.

रस्त्यावर बटण दाबताच गाडी पुढे झेपावण्याऐवजी गचके खाऊ लागली आणि मागून काळा धूर निघाला. तसे होणारच होते. नव्या नळीतून जादा पेट्रोल येत होते आणि त्याच्या जोडीला ऑक्सिजनऐवजी आग विझवणारा वायू. गॅरेजवाल्याने आधी ‘‘ईसीयू (इंजिनाचा संगणक) शिकायला वेळ घेतो’’ म्हटले, नंतर वायू सोडणारी बारीक तोटी, म्हणजे जेट, बदलला, आणि शेवटी दुसऱ्या रकान्यावर आला: ‘‘तुमच्या इंजिनाला टर्बोच मानवेल. किट परत घेतो, वर ४० हजार द्या, इलेक्ट्रिक टर्बो बसवतो.’’

तो इलेक्ट्रिक टर्बो म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातला बारा व्होल्टचा पंखा होता आणि त्याच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज होता. हिशेब साधा आहे. १२०० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा ओढते. त्या इंजिनाला अर्धा बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे निम्म्या, जादा दाबाने हवा पुरवायची तर पाच किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते, म्हणजे बारा व्होल्टला चारशेहून अधिक अँपिअर. दहा अँपिअरच्या फ्यूजमागून मिळतात १२० वॅट. विजेवर चालणारा खरा कॉम्प्रेसर ऑडीने २०१६ साली एसक्यू७ मध्ये दिला, तेव्हा त्यासाठी गाडीत ४८ व्होल्टची वेगळी व्यवस्था करावी लागली होती. मी अदलाबदल नाकारली आणि टाकी घरी आणली.

ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी अंगणात, मोकळ्या हवेत, थोडा वायू काचेच्या बरणीत घेतला. लाकडी काडीचा फुललेला निखारा आत धरला, तो तत्काळ विझला. नायट्रसमध्ये तो पुन्हा पेटायला हवा होता. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून केलेली निवळी बरणीत ओतून हलवताच दुधासारखी पांढरी झाली; ही कार्बन डायऑक्साइडची खूण. काट्यावरचे नाटक का जमले तेही त्यांनी सांगितले: दोन्ही वायूंचा रेणुभार ४४ असून साध्या तापमानाला दोन्ही जवळपास सारख्याच दाबाखाली द्रवरूप राहतात, त्यामुळे वजन किंवा दाब पाहून फरक कळत नाही. निळा रंग नखाने खरवडल्यावर खालून अग्निशामकाचा लाल रंग निघाला.

वायू खरा असता तरी धोका टळला नसता. नायट्रसचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहत नाही ते, ३६.४ अंश आहे आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. दाब वाढल्यावर वायू गाडीबाहेर सोडणारी सुरक्षानळी माझ्या टाकीला नव्हतीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गॅरेजवाल्याचा सगळा भरवसा याच भीतीवर असतो; पैसे मागायला गेलो तेव्हा ‘‘तक्रार करा, आधी तुमचीच गाडी आरटीओ उचलेल’’ असे तो शांतपणे म्हणाला.

मी किट काढून गाडी मूळ स्थितीत आणली आणि मग पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची व जिल्हा ग्राहक आयोगाकडे सदोष वस्तूची तक्रार दिली. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मिळाले. दोन्ही तक्रारी चालू आहेत. यूपीआयची नोंद, रंग खरवडलेल्या टाकीचे फोटो आणि गॅरेजवाल्याचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप सोबत जोडले आहेत. ज्यांच्या डिकीत अशी निळी टाकी असेल त्यांनी ती गाडीतून काढून सावलीत, हवेशीर जागी उभी ठेवावी आणि रागाच्या भरात रिकामी करू नये, कारण चाचणीसाठी आतला वायूच लागतो.