एलपी१२०एक्स आणि लाल पिन: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

रेकॉर्ड प्लेअरच्या आवाजात ऊब हवी तर ट्यूबचा प्रीअँप (रेकॉर्डवरून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) घ्या, असं जो भेटेल तो सांगतो. मित्राचा आणून काही दिवस लावून पाहिला. खर्जावर थोडी साय आली, पण तानांतली खरखर होती तिथेच. माझं मत विचाराल तर पैसे पिनेवर, म्हणजे खाचेत चालणाऱ्या सुईवर घाला, आणि त्याआधी बिनपैशाची कामं उरका.

डेक, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स, सोबत आलेलं कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती डबी) व्हीएम९५ई, त्याची पिन हिरवी. दिवाळीपासून जवळजवळ रोज वाजतोय. वेगाची परीक्षा तानपुऱ्यावर घ्यावी: प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) जरा डुलला की षड्ज हलतो. इथे हलत नाही.

रामबागेतलं आमचं घर जुनं, वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर. आई देवघराकडे निघाली की वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा आत-बाहेर व्हायचा. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कोटाची फरशी टाकली, डेक तिथे. खालचा गढूळपणा गेला तो यानेच.

पिनेचा भार २ ग्रॅम. काउंटरवेटवरच्या (पिनेच्या दांड्यामागच्या वजनावरच्या) आकड्यांवर विसंबू नका, छोटा डिजिटल काटा आणा. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज आहे. कमी भाराची पिन खाचेत उड्या मारते आणि कडा खरवडते. प्रीअँप बाहेरचा असेल तर केबल आखूड ठेवा. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड (केबल आणि प्रीअँपची मिळून कपॅसिटन्स) मानवतात, त्यापुढे ट्रेबल टोचायला लागतो. टोनआर्मची (पिन धरणाऱ्या दांड्याची) उंची खालीवर करून फारसं काही हाती लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या ख्यालाच्या एलपीवर विलंबित बाहेरच्या खाचांत असतो आणि द्रुत लेबलाजवळ. सुरुवातीला पिनेखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी जेमतेम २१-२२. म्हणजे सगळ्यात दाट तान नेमकी सगळ्यात अडचणीच्या जागी! आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा विलंबित हिरव्या पिनेवरही सुरेख लागायचा. तराणा आला की अक्षरं एकमेकांत घुसायची. व्हीएम९५एमएलची लाल पिन लावली (कार्ट्रिज तेच, जुनी ओढायची, नवी सरकवायची) आणि 'दिर दिर' सुटं झालं. कर्कशपणा गेला, तीच ऊब. किंमत बोचते खरी, पण कंपनीच्या हिशेबाने हिरवी ३०० तास टिकते आणि लाल १०००. मात्र ही पिन नखरेल: प्रोट्रॅक्टरवर (पिनेचा कोन जुळवायच्या पट्टीवर) नीट जुळवली नाही तर पैसे पाण्यात. खाचेतली जुनी घाणही ती इमानेइतबारे ऐकवते, त्यामुळे रेकॉर्ड धुण्याचं काम वाढलं.

काकांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या) तबकड्यांना मात्र ही पिन लावायची नाही, त्यांना जाड टोकाची वेगळी लागते. आणि त्या पुसताना अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.