विंध्य की मारवाड? प्रबंधासाठी खोरं निवडताना

मुंबई हायवर ढिगानं काम झालंय, म्हणून एम.एस्सी.च्या प्रबंधाला जुन्या खडकांतल्या तेल-वायूचा विषय घ्यायचा, असं ठरवलं असेल तर भारतात खरे पर्याय दोनच उरतात: मध्य प्रदेशातलं विंध्य खोरं (खोरं म्हणजे इथं नदीचं नव्हे, तर गाळाचे जाड थर साचलेला खोलगट प्रदेश) आणि पश्चिम राजस्थानातलं मारवाड, म्हणजे बिकानेर-नागौर खोरं. घराजवळ म्हणून कोल्हापूर-सिंधुदुर्गातल्या कलादगी खडकांचा मोह होईल. खडक सुंदर आहेत, पण सरकारी वर्गवारीत भीमा-कलादगी खोरं तिसऱ्या, म्हणजे नुसत्या शक्यतेच्या गटात आहे. तेल-वायूच्या प्रबंधाला तिथं हाती फार काही लागणार नाही.

आधी वयाचा हिशोब. मुंबई हायमध्ये ज्या चुनखडकात तेल आहे तो सुमारे 2 कोटी वर्षांचा. दमोह जिल्ह्यात ओएनजीसीला ज्या रोहतास चुनखडकात वायू लागला तो सुमारे 160 कोटी वर्षांचा. मारवाडचे तेलाचे थर त्या मानानं तरुण, कँब्रियन या भूशास्त्रीय कालखंडाच्या उंबरठ्यावरचे, साधारण 55 कोटी वर्षांच्या आसपासचे. तेव्हा जमिनीवर झाडं नव्हती, पण त्यानं बिघडत नाही; शैवाल आणि जिवाणू भरपूर होते आणि तेलाला तेवढं पुरतं. जुन्या खोऱ्यात खरा प्रश्न तेल तयार झालं का हा नसतोच. झालेलं तेल इतकी वर्षं टिकलं कसं, हा असतो. खडक जास्त तापला तर तेलाचा वायू होतो, भेगा पडल्या तर तोही निसटतो.

या कसोटीवर मारवाड सरळ पुढे आहे, आणि त्याचं कारण मीठ. तिथं जमिनीखाली हनसेरान नावाचे मिठाचे जाड थर आहेत. मीठ दाबाखाली वाहतं, भेग पडली तरी स्वतःच बुजवतं. त्याच्याइतकं घट्ट झाकण दुसरं नाही. ओमानच्या दक्षिण भागात याच काळाच्या खडकांत, मिठाच्याच सोबतीनं, मोठे तेलसाठे आहेत. जैसलमेर जिल्ह्यात बाघेवाला इथं ऑइल इंडियाला 1991 साली तेल लागलं, तेव्हा त्यातल्या जैविक खुणाही, म्हणजे मूळ जिवांचे तेलात उरलेले रेणू, ओमानच्या तेलाशी जुळल्या. मात्र हे तेल जड आणि चिकट. जड तेल म्हटलं की जिवाणूंनी खाल्लेलं असणार असं आपण धरून चालतो. इथं तसं नाही. ते कमी शिजलेलं, गंधकाचं तेल आहे. विहिरीत वाफ सोडायची, मुरू द्यायची आणि मग पातळ झालेलं तेल त्याच विहिरीतून उपसायचं, अशी खटपट करावी लागते. शोध लागल्यापासून उत्पादनाला लागायला पाव शतक गेलं ते उगाच नाही.

विंध्यात मिठाचं असं झाकण नाही. शेल, म्हणजे चिखलाचे पापुद्री खडक, आहेत, काळेही आहेत, पण रोहतास चुनखडक इतका घट्ट की वायू येतो तो मुख्यतः भेगांतून. दमोह जिल्ह्यातल्याच हट्टा-3 विहिरीतून चाचणीत दिवसाला 62 हजार घनमीटरांच्या आसपास वायू आला. एका विहिरीला बरा, पण शेजारची विहीर तसंच देईल याची खात्री भेगांच्या खडकात कोण देणार? म्हणून तेलकंपनीच्या डोळ्यांनी पाहिलं तर मी मारवाडवर पैसे लावीन.

प्रबंधासाठी मात्र माझं मत उलटं आहे. मारवाडची गंमत सगळी जमिनीखाली. जोधपूरचा वालुकाश्म मेहरानगडाच्या पायथ्याशी मलानी ज्वालामुखी खडकांवर बसलेला दिसतो, बिलाड्याजवळ चुनखडक दिसतो; पण ज्या मिठावर सगळा डाव आहे ते उघड्यावर कुठंच नाही. कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) आणि तेलाचा नमुना मिळाला नाही तर तुम्ही दुसऱ्यांचे आलेख पुन्हा काढत बसाल. विंध्यात उलट आहे. जो खडक दमोहला विहिरीत आहे, तोच सोन नदीच्या काठानं उघडा पडलेला आहे. भेगा मोजा, दिशा घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला खडकाचे पातळ छेद करा; सगळं स्वतःच्या हातानं. सोनभद्रजवळ सलखनला स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले जीवाश्म, हात लावून पाहता येतात. नागपूरकरांना तर दमोह घरचंच.

एक इशारा. विंध्याच्या वरच्या थरांच्या वयावर अजून भांडणं आहेत. याच वरच्या थरांतल्या भीमबेटकाच्या गुहेत छतावर 55 कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाचा ठसा सापडल्याचं जाहीर झालं, वयाचा वाद मिटल्यासारखा वाटला, आणि पुढे तो ठसा मधमाश्यांच्या पडलेल्या पोळ्याचा निघाला! त्यामुळे प्रबंध खालच्या थरांपुरताच ठेवा, तिथली वयं पक्की आहेत.

रसायनशास्त्राकडे ओढा असेल आणि प्रयोगशाळेत जैविक खुणा तपासायची सोय असेल, तर मारवाड घ्यायला हरकत नाही. फक्त नमुने देण्याचं कंपनीचं पत्र हातात आल्याशिवाय विषय नोंदवू नका. विंध्य घेतलात तर डिसेंबर-जानेवारीतच जा; मार्चनंतर त्या चुनखडकावर दुपारी उभं राहवत नाही.