ट्रिक ऑर ट्रीटसाठी कुठला एरिया? माझे स्टार टाउनहाऊसवाल्यांना

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन, पोरं सोंगं घेऊन दारोदार ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत कॅंडी मागत फिरतात. तो दिवस आला की बरेच आईबाबा गाडी काढून मोठ्ठ्या बंगल्यांच्या एरियात जातात, का तर तिथे म्हणे फुल साईझ चॉकलेट मिळतं. मिळतं कधीकधी, खोटं नाही, पण एकेक ड्राइव्हवे एवढा लांब आणि चढाचा की लहान पोर थोड्याच घरांत गळून जातं आणि मग स्पायडरमॅन कडेवर, त्याची बादली आपल्या हातात आणि मास्क कुठेतरी पडलेला. त्यात साईडवॉक नसेल तर अंधारात गाड्यांच्या कडेने चालायचं, मला नाही बाबा पटत. पाचपैकी दोन स्टार.

टाउनहाऊसची कॉलनी बेस्ट. दारं चिकटून, चार पायऱ्या चढा, बेल, कॅंडी, थॅंक यू, उतरा की पुढचं दार. बरेच लोक तर खुर्च्या टाकून मांडीवर कॅंडीचं भांडं घेऊन बाहेरच बसतात, कोणी चहा-कॉफी पण घेऊन, मस्त गप्पा होतात. आधी दिवसा एक चक्कर मारून घ्या, दारापुढे भोपळे, सांगाडे दिसले की समजा तिथे उत्साह आहे. पोर्चचा लाईट बंद असेल त्या घरी मात्र जायचं नाही, हा नियम सगळीकडे आहे. मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवलाय का तेही बघा, फूड अ‍ॅलर्जीवाल्या मुलांसाठी तिथे स्टिकर, छोटी खेळणी असं काहीतरी देतात, फेअर नावाची संस्था २०१४ पासून हे देशभर चालवतेय. आणि शाकाहारी मंडळी, तिकडच्या स्टारबर्स्ट आणि बऱ्याच कॅंडी कॉर्नमध्ये जिलेटिन (प्राण्यांपासून बनतं ते) असतं हां, घरी येऊन पाकिटं वाचूनच पोरांच्या हातात द्या.

एक स्टार कापला तो पार्किंगसाठी. व्हिजिटरच्या जागा पटापट भरतात, म्हणून लवकर जा, तसंही घड्याळं तासभर मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे ३१ ला संध्याकाळी थोडा उजेड मिळतो. उशिरा टीनएजर्सची गर्दी होते, भीतीदायक मास्क बघून छोटी पोरं रडतात.

अगदी तान्हं बाळ असेल तर ट्रंक ऑर ट्रीट चालेल, शाळेच्या नाहीतर चर्चच्या पार्किंगमध्ये सजवलेल्या डिक्क्यांमधून कॅंडी देतात, तीन स्टार. मॉलला एकच, लाईन मोठी आणि दुकानागणिक एक टॉफी, तेही फक्त बाहेर धो धो पाऊस असेल तर.