साउंडबॉक्स जरूर घ्यावा. त्याच्यामागून येणारे कर्ज मात्र पारखून घ्यावे

यूपीआयचे पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स आता पानटपरीपासून सराफी पेढीपर्यंत सगळीकडे दिसतो. माझी पिठाची गिरणी आहे आणि उन्हाळ्यात मिरची कांडपही चालते, त्यामुळे गोंगाटात, पिठाच्या धुरळ्यात आणि दहा-वीस रुपयांच्या व्यवहारांत हे यंत्र कितपत टिकते हे मला जवळून पाहता आले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

यंत्राच्या मूळ कामाबद्दल माझी तक्रार नाही. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते, बॅटरी दिवसभर पुरते आणि घोषणा स्वच्छ मराठीत होते. जाते चालू असताना मात्र पूर्ण आवाज ठेवूनही काही ऐकू येत नसे. शेवटी ते गल्ल्याच्या टेबलावरून उचलून कानाच्या उंचीवर, खिडकीजवळच्या फळीवर ठेवले, तेव्हा अडचण दूर झाली. क्यूआर कोडच्या काचेवर पीठ साचते आणि गिऱ्हाइकाचा फोन स्कॅन करायला कुरकुरतो, म्हणून शेजारी एक कोरडे फडके ठेवावे लागते. खरा लाभ विश्वासाचा आहे. पैसे गेल्याची बनावट स्क्रीन फोनवर दाखवून माल नेणारे किंवा दुकानाच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवून जाणारे भामटे सर्वत्र आहेत. यंत्र गप्प राहिले की दळणाचा डबा हातातून सोडायचा नाही, एवढा साधा नियम आता कामाला ठेवलेल्या मुलालाही पाळता येतो. पूर्वी माझा फोन गिरणीतच अडकून पडत असे.

यंत्राचे भाडे महिन्याला १२५ रुपये आहे. ते मला महाग वाटत नाही, परंतु एवढ्यावर कंपनीचे भागते कसे, हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय आणले आणि १ जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेणे सरकारने बंद केले. त्यामुळे पैसे पोहोचवण्याच्या कामात या कंपन्यांना फारसे काही सुटत नाही. कमाईचा एक मोठा मार्ग म्हणजे रोजच्या उलाढालीच्या नोंदीवर दुकानदाराला मिळवून दिलेले कर्ज. यंत्र बसवून थोडे दिवस होतात न होतात तोच ॲपमध्ये 'आपण कर्जासाठी पात्र आहात' असे संदेश सुरू होतात. कागदपत्रे जवळजवळ नाहीत, तारण नाही आणि हप्ता रोजच्या जमा रकमेतून आपोआप कापला जातो.

ही सोय खोटी नाही. ज्या माणसाला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याला त्याच्याच गल्ल्याच्या जोरावर पैसे मिळणे ही गोष्ट लहान व्यवसायासाठी मोठी आहे. परंतु व्याज नीट मोजले पाहिजे. समजा, १ लाख रुपये वर्षभरासाठी महिना दीड टक्का सरळ दराने घेतले, तर १८ हजार रुपये व्याज होते आणि ऐकताना ते १८ टक्केच वाटते. प्रत्यक्षात मुद्दल पहिल्या दिवसापासून फिटत जाते, तरीही व्याज पूर्ण लाखावर आकारले जाते, म्हणून खरा वार्षिक दर ३० टक्क्यांच्या वर जातो. हा खरा दर दाखवणारे 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना बंधनकारक केले आहे. बटण दाबण्यापूर्वी तेवढे एक पान तरी वाचावेच. शिवाय माझ्यासारख्या हंगामी धंद्याला रोजचा समान हप्ता मानवत नाही. मार्च ते मे कांडपाची रीघ लागते आणि पावसाळ्यात नुसत्या दळणावर दिवस काढावे लागतात.

कांडप यंत्र घेताना मी म्हणूनच ते कर्ज नाकारले आणि यूपीआयच्या जमेचे बँक विवरण घेऊन मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांच्या टप्प्यात, अर्ज केला. हेलपाटे झाले, यंत्राचे कोटेशन दोनदा मागितले गेले, पण व्याज बरेच कमी पडले. माझ्या मते साउंडबॉक्सचा सर्वांत मोठा उपयोग हाच, की रोखीत विरून जाणारी उलाढाल कागदावर येते. अर्थात तो कागद करखात्यालाही दिसतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत काही दुकानांवर 'फक्त रोख' असे फलक लागले होते. नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे मालाच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख आहे; ज्यांची उलाढाल तिच्या आसपास आहे, त्यांनी आधीच सल्लागाराला भेटलेले बरे.

ग्राहकसेवा मात्र अगदीच सुमार. जुने यंत्र बिघडल्यावर ते परत नेण्यासाठी कोणी फिरकले नाही, पण भाडे बिनबोभाट कापले जात राहिले. मदत क्रमांकावर तक्रार नोंदवत बसण्यापेक्षा यूपीआय ॲपमधील ऑटोपेची, म्हणजे भाडे आपोआप कापू देण्याची, मंजुरी स्वतःच रद्द करावी आणि यंत्र परत देताना प्रतिनिधीकडून लेखी पोच घ्यावी. ज्यांच्याकडे दिवसाला चार-पाचच ऑनलाइन व्यवहार होतात, त्यांनी तूर्त भाड्याच्या भानगडीत न पडता बँकेच्या एसएमएसवर भागवले तरी चालेल.