हेवी डिपॉझिटवर रूम घेताय? ॲग्रीमेंटवर सही कुणाची आहे ते आधी बघा

मुंबईकडच्या लोकांना हेवी डिपॉझिट म्हणजे काय हे सांगायला नको. एकरकमी मोठे पैसे द्यायचे, महिन्याचं भाडं शून्य, घर सोडताना सगळे परत. आम्ही डोंबिवली पूर्वेला वन बीएचके असाच घेतला, ६ लाखांत. समोरचा म्हणाला ओनर गावी असतात, सगळं मीच बघतो. स्टॅम्पपेपरवर ॲग्रीमेंट, नोटरीचा शिक्का, दिसायला एकदम पक्कं काम.

झालं असं की हा बाबा स्वतःच तिथे भाडेकरू. मालकाकडून त्याने १४ हजार महिन्याने लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवानगीच्या करारावर, फ्लॅट घेतलेला, तोही रीतसर रजिस्टर करून, आणि आमच्याच पैशातून सुरुवातीला मालकाला वेळेवर भाडं पोचवत होता त्यामुळे ना त्यांना संशय ना आम्हाला. मग भाडं थांबलं आणि एका रविवारी मालक दारात.

"तुम्ही कोण?"
"आम्ही भाडेकरू."
"कुणाचे?"

त्यांनी त्यांचं ॲग्रीमेंट दाखवलं, त्यात साफ लिहिलेलं की जागा दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. वकिलांनी सांगितलं लायसन्स म्हणजे फक्त त्या माणसापुरती परवानगी, १८८२ च्या इझमेंट ॲक्टपासून हेच चालत आलंय, मालकाने करारात मुभा दिली नसेल तर तो ती पुढे दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणजे मालकाशी आमचा काही संबंधच नाही आणि ६ लाख मागायचे ते ज्याचा फोन बंद आहे त्याच्याकडे!

आता त्याच्या थापा ऐका. रजिस्ट्रेशन कशाला, फुकट खर्च वाढेल म्हणे. अहो स्टॅम्प ड्युटी पाव टक्का आहे, तीसुद्धा डिपॉझिटवर नाही, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या व्याजावर. ६ लाखांचं ११ महिन्यांचं व्याज ५५ हजार, त्याचा पाव टक्का काढा, दीडशेसुद्धा होत नाहीत, वर शहरात नोंदणी फी १ हजार. आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि रजिस्टर असणं सक्तीचं आहे, जबाबदारी मालकाची, नोटरीचा कागद त्याला पर्याय नाही. दुसरी थाप, सोसायटीत विचारलं तर माझे चुलतभाऊ आहात असं सांगा नाहीतर नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते जादा पैसे, भरमसाट लावतील. ते चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर लावताच येत नाहीत, २००१ पासून तसा शासनाचा आदेश आहे. खरं कारण एवढंच की सेक्रेटरीकडे भाडेकरू म्हणून त्याचंच नाव होतं.

त्यामुळे कुणी सोसायटीत खोटं बोलायला सांगितलं की तिथूनच परत फिरा. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा गोषवारा, काढा, मालकाचं नाव कळतं. मग करार रजिस्टर करताना तोच माणूस आधार आणि अंगठा द्यायला समोर बसला पाहिजे, आणि पैसे त्याच्याच खात्यात. मधला माणूस म्हणाला की मला सबलेटची परवानगी आहे तर मालकाच्या सहीचं लेखी मागा, व्हॉट्सॲपवरचं "ओके" चालवून घेऊ नका.

चौकीत आधी सिव्हिल मॅटर आहे म्हणून टोलवलं. पण याच माणसाने फसवलेली अजून दोन कुटुंबं सापडली, एकत्र गेलो तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली, म्हणजे आपलं जुनं ४२०, गुन्हा नोंदवून घेतला. मालक भला माणूस, महिनाअखेरपर्यंत राहू दिलं. पैसे अजून आलेले नाहीत आणि परवाच कल्याणच्या एका ग्रुपवर तशीच जाहिरात दिसली, नंबर नवा पण फोटो आम्ही राहायचो त्याच हॉलचे.